आमच्या घरचा नवा रिसीव्हर

दिवाळीच्या खरेदीची यादी करायला बसलो की आमच्या घरात दरवर्षी एक लहानसे महाभारत होते. गेल्या वर्षी त्याला निमित्त झाले होम थिएटरचे. चिरंजीवांचे म्हणणे, "बाबा, एवढा मोठा टी. व्ही. आणि आवाज मात्र डब्यातून आल्यासारखा!" सौ.चे म्हणणे, "आधी ओट्याची फरशी बदला, मग तुमचे थिएटर!" मी नेहमीप्रमाणे दोघांपुढेही मान डोलावली.

आई या वादात पडली नाही. ती ७८ वर्षांची आहे. पूर्वी आमच्या वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात नवे नाटक लागले की पहिली तयारी तिची असे. अलीकडे मात्र रात्री जेवणे आटोपून आम्ही टी. व्ही.पुढे बसलो की दहा मिनिटांत ती उठे. "तुम्ही पाहा, मला आता यात गोडी वाटत नाही," असे म्हणून आपल्या खोलीत जाई. आम्हाला ते खरेच वाटले. एकदा मी सहज विचारले, "आई, आवाज वाढवू का?" तेव्हा ती म्हणाली, "आवाज येतो रे. शब्द कळत नाहीत."

दुसऱ्याच दिवशी तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. दोष फारसा नव्हता. उतारवयात बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी निसटू लागतात आणि स, श, फ, थ ही व्यंजने ओळखू येतात ती याच आवाजांमुळे. मग 'सात' म्हटले की 'हात', असे कोडे पडते. नुसता आवाज वाढवला तर स्वर गडगडतात, व्यंजने होती तिथेच राहतात. त्यातून हल्लीचे टी. व्ही. पाटीसारखे पातळ. त्यांचे इवलेसे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. आवाज भिंतीवर आपटून मग आपल्याकडे येतो!

म्हणजे चिरंजीवांची मागणी रास्त होती, फक्त कारण वेगळे होते.

एका रविवारी सोडून शनिवारी, दुकाने उघडी असताना, हार्बरची गाडी पकडली आणि मध्ये बदलून ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडवरच्या पहिल्या दुकानात विक्रेत्याने आम्हाला कोचावर बसवून एक स्फोट ऐकवला. चिरंजीव खूष! मी म्हटले, "आता दोन माणसे हळू बोलताहेत असे काही लावा." त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी सोनाराकडे भाजी मागितली. "साहेब, हजार वॅट आहेत, हजार!" एवढेच तो सांगत राहिला.

या वॅटांविषयी वाचकांना दोन शब्द सांगतो. साधारण स्पीकरला एक वॅट दिला, तर एक मीटरवर ८५ ते ८८ डेसिबल आवाज होतो. आपले रोजचे बोलणे असते ६० डेसिबलच्या आसपास. म्हणजे मालिकेतले संवाद ऐकायला एक वॅटसुद्धा पुष्कळ झाला. आवाज कानाला दुप्पट वाटायला वीज लागते दहापट, त्यामुळे ७० आणि १०० वॅटमधला फरक जेमतेम दीड डेसिबलचा. शिवाय आकडा कसा मोजला तेही पाहावे. एकच चॅनेल चालवून, एकाच सुरावर, १० टक्के विकृती चालवून घेऊन मोजलेला आकडा फुगलेला असतो. दोन चॅनेल, ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ आणि नाममात्र विकृती, असे लिहिलेले असेल तर तो आकडा भरवशाचा.

दुसऱ्या दुकानातले गृहस्थ शांत स्वभावाचे होते. आईची अडचण ऐकून ते म्हणाले, "मग तुम्हाला मधला स्पीकर हवा." पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा ५.१ मांडणीत बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. रिसीव्हर आवाज वेगवेगळा करून ज्याच्या त्याच्या स्पीकरला पोचवतो, त्यामुळे मधल्याचा आवाज तेवढा वाढवता येतो. स्फोट आहे तिथेच, शब्द मात्र पुढे!

शेवटी यामाहा, डेनॉन, सोनी अशा कंपन्यांची यंत्रे पाहून ५.१चे एक साधे यंत्र निवडले. चार गोष्टी तपासल्या. टी. व्ही.चा आवाज एकाच केबलने परत आणणारी ए.आर.सी.ची सोय, म्हणजे आईला एकच रिमोट पुरतो. खोली मोजून आवाज जुळवणारा मायक्रोफोन. मोठा आवाज दाबून लहान आवाज वर काढणारी रात्रीची सोय, कारण खालच्या मजल्यावर दहावीची परीक्षा आहे. आणि जवळपास दुरुस्तीची सोय. वाचलेले पैसे मधल्या चांगल्या स्पीकरवर घातले. मागचे दोन स्पीकर आणि सबवूफर पुढच्या दिवाळीवर ढकलले. ज्यांचा हॉल अगदी लहान आहे, त्यांना संवाद स्पष्ट करण्याची सोय असलेला एखादा साउंडबारही पुरेल. तारांचे जंजाळ तरी वाचेल.

घरी आल्यावर दोन गोष्टी कळल्या. सौ.ने रिसीव्हर शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवला होता, तो अर्ध्या तासात तापला. त्याला वर आणि बाजूंना मोकळी हवा लागते. आणि गुळगुळीत फरशी व उघड्या भिंती यांच्यामध्ये आवाज घुमत होता. जमिनीवर जाड सतरंजी अंथरली, खिडकीला पडदा लावला, तेव्हा शब्द आणखी स्वच्छ झाले. त्याला खर्च काहीच आला नाही.

पहिल्या संध्याकाळी आई येऊन बसली. लहानपणी, १९५५-५६ साली, पुण्याला शेजाऱ्यांच्या खिडकीशी उभी राहून तिने आकाशवाणीवरचे गीतरामायण ऐकले होते. "एकच स्पीकर होता रे, पण शब्द न् शब्द कळायचा," असे ती चिरंजीवांना सांगत होती. मग मालिका सुरू झाली. दहा मिनिटे झाली, वीस झाली. कुणीतरी पडद्यावर हळूच काही विनोद केला आणि आमच्या आधी ती हसली.

रिसीव्हर हे श्रवणयंत्र नव्हे, पुढे तेही लागेल. पण खरेदीला निघालात तर घरात ज्याला सर्वांत कमी ऐकू येते, त्याला बरोबर न्या आणि दुकानदाराला स्फोट नको, बोलणे ऐकवायला सांगा.

मी उत्साहाने आवाज आणखी दोन घरे वाढवला. आई तिकडे न पाहताच म्हणाली, "अरे, जरा कमी कर. एवढा कशाला हवा?"