पेशीसंवर्धनातील छुपा संसर्ग आणि मॅक्रोलाइडची मर्यादा

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद २०१८ मध्ये कर्नाटकात झाली. तिच्या नियंत्रणासाठी बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने एनपीव्ही विषाणूवर आधारित जैविक कीडनाशक विकसित केले. असे विषाणू केवळ जिवंत पेशीतच वाढतात; म्हणून त्यांच्या सखोल अभ्यासासाठी कीटकपेशींचे संवर्धन उपयुक्त ठरते. त्यासाठी जगभर वापरली जाणारी ‘एसएफ-९’ ही सेल लाइन मूळची याच अळीच्या कोषातील अंडाशयापासून मिळालेली आहे.

या पेशी २७ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात पोषक माध्यमात वाढतात. हेच माध्यम जिवाणूंनाही मानवते. सामान्य जिवाणू शिरल्यास माध्यम एक-दोन दिवसांत गढूळ होते व दोष ध्यानात येतो. मायकोप्लाझ्माचे तसे नाही. ०.२२ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतूनही तो निसटू शकतो. माध्यम स्वच्छच दिसते आणि पेशींच्या वाट्याचे पोषण मात्र तो फस्त करीत राहतो. त्याला पेशीभित्तिका नसते. त्यामुळे भित्तिकेच्या निर्मितीवर आघात करणारे पेनिसिलिन त्याच्यापुढे निष्प्रभ ठरते.

अशा वेळी मॅक्रोलाइड गटातील टायलोसिन किंवा एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके उपयोगी पडतात. ती जिवाणूच्या रायबोसोमला चिकटून प्रथिननिर्मिती रोखतात. कीटकपेशीच्या रायबोसोमची घडण वेगळी असल्याने योग्य मात्रेत पेशीला फारशी इजा होत नाही. तथापि ही औषधे बहुधा जिवाणूची वाढ थांबवतात, त्याचा समूळ नाश करीत नाहीत. औषध बंद होताच दबलेला संसर्ग पुन्हा डोके वर काढू शकतो. मायकोप्लाझ्माच्या काही प्रजाती तर एरिथ्रोमायसिनला मुळातच दाद देत नाहीत.

म्हणूनच मॅक्रोलाइडचा नित्य वापर टाळावा. दुर्मीळ पेशी वाचवण्याचा अखेरचा उपाय म्हणूनच ते राखून ठेवावे. उपचारानंतर पेशी काही आठवडे प्रतिजैविकाविना वाढवून पीसीआर व डीएनए-रंजन चाचणीने त्यांची निर्मळता तपासावी. बाहेरून आलेल्या पेशी तपासणी होईपर्यंत विलग ठेवाव्यात. सहज उपलब्ध होणाऱ्या पेशी दूषित झाल्यास त्या ऑटोक्लेव्हमध्ये नष्ट करून गोठवलेल्या शुद्ध साठ्यातून नव्याने आरंभ करणे श्रेयस्कर.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेच्या शिस्तीचा नाही. दूषित पेशीत विषाणूची वाढ खुंटली, तर दोष विषाणूच्या वाणाला लागतो आणि शेतकऱ्याच्या उपयोगी पडू शकणारे वाण शेतात पोहोचण्यापूर्वीच बाद होते.