वार्धक्यांतील रक्तदाब आणि घरच्यांचें कर्तव्य

साठी उलटल्यावर गुडघे दुखूं लागले कीं सारें घर तेलाची वाटी घेऊन धांवतें. परंतु जो विकार दुखत नाहीं, त्याची वास्तपुस्त कोण करणार? वाढलेला रक्तदाब असाच मुका असतो. बहुधा कसलेंही लक्षण न दाखवितां तो वाढतो, आणि एके दिवशीं अर्धांगवायूनें वाचा बसते. म्हणून तो मोजल्यावांचून कळत नाहीं. आमच्या माणगावांत उपजिल्हा रुग्णालय आहे. तेथें वडिलांस घेऊन जाण्यास सवड काढावी. वारंवार मोजूनही वरचा आंकडा 140 किंवा खालचा 90 वा त्याहून अधिक आल्यास डॉक्टरांचे उपचार घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढास दिवसाकाठीं 5 ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याएवढेंही नव्हे, इतकेंच मीठ पुरे. आमटी, लोणचें, पापड, सांडगे सर्व त्यांतच आलें. ताटांत वाढलेलें मीठ नांवापुरतेंच असावें.

बरें वाटतें म्हणून गोळी सोडणें हा मोठाच प्रमाद. गोळी घेतली जाते तोंवरच दाब आटोक्यांत राहतो. संध्येप्रमाणें तिचीही वेळ ठरलेली असावी. एकादशीसही ती डॉक्टरांस न विचारतां चुकवूं नये. चिरंजीव मुंबईस असले, तरी घरांतील नातवानें गोळ्या मोजाव्या.

तोंड वांकडें झालें, हात लुळा पडला, बोलणें अडखळलें, तर मात्र तेल चोळीत बसूं नये. तत्काळ 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रक्ताची गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें.