घेताना कितीला, मोडताना कितीला

गेवराईत नवी गाडी दारात लागली की पेढा हातात पडायच्या आत दोन प्रश्न येतात. ऑन रोड कितीला पडली? आणि उद्या मोडायची म्हटली तर किती येतील? पुण्या-मुंबईत चर्चा पहिल्या प्रश्नावर रंगते, इथे दुसऱ्यावर. कापूस आणि ऊस यांवर चालणाऱ्या तालुक्यात पैसा वर्षातून एक-दोनदाच हाती येतो. पाऊस दगा देतो, भाव पडतो, मुलीचं लग्न निघतं. अशा वेळी गाडी सोन्यासारखी मोडता आली पाहिजे. गेल्या तीस वर्षांत मराठवाड्यात कोणती गाडी चालली आणि कोणती पडून राहिली, याचं उत्तर जाहिरातींपेक्षा या दुसऱ्या प्रश्नात सापडतं, असं माझं ठाम मत आहे.

गाव सोलापूर–धुळे महामार्गावरचं. पूर्वीचा २११, आताचा ५२. याच रस्त्याच्या दक्षिण टोकाला, सोलापुरात, १८८२ मध्ये वालचंद हिराचंद जन्मले. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली. पण फियाट आणि अ‍ॅम्बेसिडर इकडे डॉक्टर, आडते आणि कारखान्याचे संचालक यांच्यापुरत्याच राहिल्या. गावांनी आपलं मानलेलं पहिलं वाहन म्हणजे जीप. महिंद्रांनी १९४७ मध्ये विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली, त्या घराण्यातली कमांडर इथल्या काळीपिवळीच्या धंद्यात उतरली. जोडीला आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली. तलवाड्याला, माजलगावला जाताना आत दाटीवाटीने माणसं आणि मागे फूटबोर्डवर लोंबकळणारी पोरं, हे चित्र चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही आठवेल.

या काळीपिवळीने एक महत्त्वाचं काम केलं. तिने गावोगावचे मिस्त्री घडवले. ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन हाताखालून गेलेला माणूस कमांडरचं इंजिनही उतरवू लागला, पाटे बदलू लागला. म्हणून चॅसीसवर बांधलेली, मागे पाटे असलेली डिझेल गाडी ही इथली सवय झाली. १९९४ मध्ये टाटांची सुमो आली. सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं जोडून तिला नाव दिलं होतं. २००० मध्ये बोलेरो आणि टोयोटाची क्वालिस, २००२ मध्ये स्कॉर्पिओ. क्वालिस टोयोटाने २००५ मध्ये बंद करून इनोव्हा आणली. सुमोही काळाच्या ओघात गेली. बोलेरो मात्र राहिली. मुकादम, कंत्राटदार, सरपंच, जिनिंगवाले, सगळ्यांच्या दारात ती दिसते.

बोलेरो टिकली ती केवळ दणकट म्हणून नाही. केंद्राने २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं होतं. अट अशी, की पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आणि डिझेल १५०० सीसीच्या आत हवं. त्या एका अटीने भारतातल्या गाड्यांची अंगकाठी ठरवली. मारुतीने २०१२ मध्ये डिझायरची डिकी कापून तिला चार मीटरच्या आत आणलं. महिंद्राने २०१६ मध्ये बोलेरोची लांबी घटवली आणि अडीच लिटरऐवजी दीड लिटरचं इंजिन बसवून ‘पॉवर प्लस’ काढली. पाटे तेच, बसायची उंची तीच, चौकोनी चेहराही तोच. गिऱ्हाइकाला हवं ते सगळं शाबूत ठेवून सरकारला हवी तेवढीच गाडी कापली. ब्रँड सांभाळणं म्हणतात ते मला याहून चांगलं कुठे दिसलेलं नाही.

या चार मीटरचा खरा हिशेब लोकांना कळला तो २०२५ मध्ये. २२ सप्टेंबरला, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. छोट्या डिझेल गाडीवर २८ टक्के कर आणि वर ३ टक्के उपकर होता, तो एकदम १८ टक्के झाला. मोठ्या एसयूव्हीवरचा उपकरासह ५० टक्क्यांपर्यंत जाणारा बोजा ४० वर आला. आकड्यांत मांडतो. करापूर्वी आठ लाखांची छोटी डिझेल गाडी घ्या. जुन्या दराने ती १० लाख ४८ हजारांची होत होती, नव्या दराने ९ लाख ४४ हजारांची. एवढ्यावर थांबत नाही. महाराष्ट्रात डिझेल गाडीला दहा लाखांपर्यंत १३ टक्के आणि दहा ते वीस लाखांना १४ टक्के रोड टॅक्स आहे. गाडी दहा लाखांच्या रेषेखाली आल्यामुळे तो कर सुमारे १ लाख ४७ हजारांवरून १ लाख २३ हजारांवर येतो. म्हणजे एकूण फरक सव्वा लाखाच्या वर. एक्स-शोरूम किंमत बघून घरी गेलेल्या माणसाला हा दुसरा फायदा दिसतच नाही, म्हणून आरटीओच्या खर्चासकट पूर्ण कोटेशन लेखी घ्यावं.

पण त्याच आठवड्यात मराठवाड्यावर आभाळ फाटलं. जायकवाडीतून लाखो क्युसेक पाणी सुटलं, गोदाकाठच्या गावांत शिरलं, कापूस आणि सोयाबीन शेतातच सडलं. देशभरात शोरूमपुढे रांगा लागल्याच्या बातम्या येत होत्या, तेव्हा गेवराई तालुक्यातला शेतकरी पंचनाम्याची वाट बघत होता. गाड्यांच्या बाजाराचा आढावा घेताना हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कर कमी झाल्याने गाडी स्वस्त होते, पण दसऱ्याला गाडी घरात येते ती पिकाच्या पैशावर.

स्कॉर्पिओची गोष्ट आणखी बोलकी आहे. महिंद्राने जून २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एन आणली. सुरुवातीची किंमत ११ लाख ९९ हजार. ३० जुलैला बुकिंग उघडलं आणि अर्ध्या तासात लाखभर नोंदी झाल्या. बहुतेक कंपन्या अशा वेळी जुनं मॉडेल बंद करतात. महिंद्राने उलट केलं. ऑगस्टमध्ये जुनीच स्कॉर्पिओ ‘क्लासिक’ या नावाने पुन्हा मांडली, आणि तिचीही सुरुवात ११ लाख ९९ हजारांपासूनच. एकाच नावाच्या दोन गाड्या: एक चाकणची, सनरूफवाली, शहराकडे तोंड केलेली, दुसरी नाशिकची, ओळखीच्या चेहऱ्याची. गेवराईत क्लासिकचं गिऱ्हाईक अजून आहे, कारण तिचं काम कुठलाही मिस्त्री करतो आणि विकायला काढली की दारात माणूस येतो. मोडताना येणाऱ्या किमतीने कंपनीला जुनी गाडी जिवंत ठेवायला भाग पाडलं.

टाटांनी याच बाजारात एकदा सपाटून मार खाल्ला. २००८ मध्ये दाखवलेली, २००९ मध्ये विक्रीला आलेली नॅनो लाख रुपयांची गाडी म्हणून गाजली आणि तेच तिचं ओझं झालं. आयुष्यातली पहिली गाडी घेणाऱ्याला सोयऱ्यांपुढे ‘सगळ्यात स्वस्त’ ही ओळख नको असते. दहा वर्षांत ती संपली. टाटांनी त्यातून घेतलेला धडा मला मोलाचा वाटतो. त्यांनी स्वस्ताई सोडून सुरक्षितता हे नाणं वाजवायला सुरुवात केली. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. २०२१ मध्ये पंच आली, आणि २०२४ मध्ये देशात सर्वाधिक खपलेली गाडी तीच ठरली. चाळीस वर्षं जवळपास मारुतीकडेच असलेला मान टाटांकडे गेला.

मारुतीचं धोरण वेगळं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष आले आणि त्यांनी डिझेलच सोडलं. डिझेलवर वाढलेल्या आमच्या भागात हे चटकन पचलं नाही. पण सीएनजीची अर्टिगा आणि डिझायर टॅक्सीवाल्यांनी उचलल्या, आणि पेट्रोल मारुतीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, ही तिची जुनी पुण्याई आहेच.

सर्वांत जवळचा कार कारखाना मात्र यातल्या कुणाचाच नाही. तो स्कोडाचा, संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, २००१ पासून. तरीही गेवराईत स्कोडा क्वचित दिसते. सुटे भाग महाग आणि हात लावणारा मिस्त्री जवळ नाही, ही तिची ख्याती विकताना आडवी येते. शेवटी स्कोडालाही वाकावं लागलं. २०२४ च्या अखेरीस कायलॅक आली ती चार मीटरच्या आत, ७ लाख ८९ हजारांपासून. संभाजीनगरने ऑक्टोबर २०१० मध्ये वेगळंच दाखवून दिलं होतं: उद्योजक आणि व्यावसायिकांच्या गटाने एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. एकत्र गेलं की बँक व्याज कमी करते, कंपनी दखल घेते. ही रीत गावपातळीवरही चालण्यासारखी आहे. चार-पाच जणांनी मिळून एकाच डीलरकडे बोलणी केली, तर अ‍ॅक्सेसरीज आणि विम्यावर नक्की सुटतं. त्या शहराजवळच्या बिडकीनला टोयोटाने २०२४ मध्ये कारखान्याचा करार केला आहे, एथरच्या स्कूटरही तिथे बनायच्या आहेत. पुढच्या दहा वर्षांत इथल्या आयटीआयमधून कोणत्या गाडीचे मिस्त्री तयार होतात, त्यावर इथली पसंती बदलेल. इलेक्ट्रिक गाडीचंही तसंच. तिच्यावर जीएसटी ५ टक्केच आहे आणि समृद्धी महामार्गावर टोल माफ आहे, पण पाच वर्षांनी बॅटरीसकट तिचे किती येतील हे कुणी सांगू शकत नाही, तोवर गेवराई थांबून बघेल.

नव्या गाडीएवढाच, किंबहुना जास्तच, व्यवहार जुन्या गाड्यांचा होतो. एमएच-१२, एमएच-१४ च्या गाड्या इकडे येतात आणि एमएच-२३ मध्ये मुरतात. जाणता माणूस त्या कशा बघतो ते पाहण्यासारखं असतं. तो सकाळी लवकर जातो, इंजिन गार असताना. बॉनेटवर आधी हात ठेवतो. गरम लागलं तर मालकाने आधीच सुरू करून ठेवली हे समजतो. मग ऑइलचं झाकण उघडून गाडी चालू करायला सांगतो. तिथून धूर फसफसत बाहेर आला, तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे काम निघणार. दाराचं रबर ओढून पत्र्यावरचे वेल्डिंगचे ठिपके बघतो. कंपनीचे ठिपके सारख्या अंतरावर असतात, गॅरेजमधले नसतात. शेवटी आरसी आणि त्यावरचा बँकेचा बोजा.

एवढी बारकाईने पारख करणारा हा माणूस एक गोष्ट विचारत नाही, आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आदळून पाहिली, तिला शून्य तारे मिळाले. २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला पाच मिळाले. २०२४ मध्ये बोलेरो निओला एक. म्हणजे त्याच कंपनीला सुरक्षित गाडी बनवता येते. जिथे गिऱ्हाईक मागतं तिथे ती बनते. आमच्या बाजारात ताऱ्यांना मोडताना वेगळे पैसे येत नाहीत, म्हणून कुणी मागत नाही. रस्ता मात्र पूर्वीचा राहिलेला नाही. पाडळसिंगीचा टोलनाका ओलांडला की चौपदरी रस्त्यावर जुनी गाडीही शंभराच्या पुढे जाते, आणि पुढे बिनदिव्याची उसाची ट्रॉली असू शकते.

म्हणून जुनी गाडी घेताना उत्पादनाचा महिना आणि साल बघा. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकाची एअरबॅग, आणि जानेवारी २०२२ पासून शेजारच्या सीटचीही. त्याआधीची गाडी लाखभर स्वस्त मिळाली तरी आधी ही साधनं तिच्यात आहेत का ते तपासा. असतील, तर चावी फिरवून मीटरकडे बघा. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर मागच्या अपघातात उडालेली एअरबॅग बदलण्याऐवजी कुणीतरी दिव्याची वायर काढलेली असण्याची दाट शक्यता आहे. अशी गाडी कितीही कमी किमतीत मिळत असली तरी सोडून द्या.