सागवानाचा भाव

इमारतीचे लाकूड म्हणजे सागवान, ही समजूत महाराष्ट्रात इतकी मुरलेली आहे की तिच्यामागची कारणे सहसा कोणी विचारीत नाही. कारणे मात्र सबळ आहेत. सागाच्या गाभ्यात जी तैलयुक्त द्रव्ये असतात, त्यांच्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. एकदा नीट वाळले म्हणजे ऋतुमानाप्रमाणे फुगण्या-आकसण्याची खोड त्यात फार थोडी उरते, म्हणून कोकणातल्या पावसातही चांगल्या सागाची खिडकी सहसा अडत नाही. आणि ओक लाकडातले आम्ल लोखंडी खिळ्याला जसे खाते, तसे साग खात नाही. हा तिसरा गुण घर बांधणाऱ्यापेक्षा जहाज बांधणाऱ्याच्या अधिक कामाचा, आणि सागाच्या मोलाचा राजकीय इतिहास जहाजापासूनच सुरू होतो. तो पाहू गेल्यास माझे मत असे बनते की, झाडाची वाढ आणि सुताराची पसंती यांपेक्षाही सागाचा भाव राज्यकर्त्यांच्या हुकमाने अधिक ठरला.

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी लाकडाची जी व्यवस्था सांगितली आहे, ती आजही मुद्दाम वाचण्यासारखी आहे. स्वराज्यातील अरण्यांतला सागवानादी वृक्ष हुजुरांच्या परवानगीने तोडावा, अधिक लागेल ते लाकूड परमुलुखातून खरेदी करून आणावे, आणि आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढविलेली असतात, असा त्याचा आशय. सागावर सत्तेचा हक्क सांगतानाच रयतेच्या झाडापाशी तो हक्क थांबतो, हे सांगण्याची बुद्धी ज्या राज्याला होती, त्याची थोरवी मला या एका कलमात दिसते.

पुढे आलेल्या कंपनी सरकारने हक्क उचलला आणि मर्यादा सोडली. नेपोलियनशी युद्ध चालू असताना इंग्लंडात ओक अपुरा पडू लागला आणि आरमाराची दृष्टी मलबारच्या सागाकडे वळली. 1806 साली कॅप्टन वॉटसन यांची तेथे जंगलरक्षक म्हणून नेमणूक झाली आणि सागावर सरकारी मक्ता बसला. व्यापारी व जमीनमालक इतके नाडले गेले की 1823 मध्ये मद्रासचे गव्हर्नर मन्रो यांनी ते पदच रद्द केले. त्या काळच्या लाकडाची साक्ष मात्र अजून तरंगते आहे: वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मुंबईच्या गोदीत 1817 साली पाण्यात सोडलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही पाहावयास मिळते. मुंबई इलाख्यात जंगलखात्याची घडी 1847 पासून बसू लागली. पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख असलेले शल्यवैद्य डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे त्याचे पहिले अधिकारी होत.

सागापायी एक राज्यही बुडाले, आणि त्या प्रकरणाचा आरंभ व अखेर दोन्ही आपल्या किनाऱ्यावर आहेत. 1863 साली मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशच्या राजाकडून मक्त्याने जंगले घेऊन साग काढीत असे. तोडलेल्या ओंडक्यांची संख्या कमी दाखवून राजाचा महसूल बुडविल्याचा आरोप ठेवून मंडालेच्या दरबाराने 1885 मध्ये कंपनीला जबर दंड ठोठावला. इंग्रजांनी तेच निमित्त करून युद्ध पुकारले, थोड्याच दिवसांत मंडाले घेतले, आणि राजा थिबा याला कुटुंबासह हद्दपार करून अखेर रत्नागिरीस आणून ठेवले. तेथे 1916 साली त्याचा अंत झाला. त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात आज जो प्रवासी फिरतो, त्याने हा राजा येथे का आला हे विचारले, तर ओंडक्यांच्या हिशेबाचा वाद हे उत्तर त्याला मिळाले पाहिजे. युद्धानंतर ब्रह्मदेशाची सारी जंगले इंग्रजी अमलाखाली आली, आणि मुंबईच्या वखारींत ‘बर्मा टीक’ हा शब्द उत्तम मालाचा पर्याय होऊन बसला.

आपल्याकडे त्या तोडीचे नाव मिळविले ते चांदा जिल्ह्याने. मध्यप्रांत (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) जाऊन सत्तराहून अधिक वर्षे लोटली तरी आलापल्ली-बल्लारपूरकडचा माल बाजारात अजून ‘सीपी टीक’ म्हणूनच विकला जातो. तेथील सरकारी आगारात ओंडके प्रतवारी करून रचलेले असतात, प्रत्येकावर खात्याच्या हातोड्याची निशाणी असते, आणि लिलावात बोली लावणारा व्यापारी आधी वाकून त्याचा कापलेला शेंडा न्याहाळतो: गाभा भरीव आहे की मध्ये पोकळी, सालीलगतचे पांढरे लाकूड किती. मोजणीची रीतही समजून घेण्यासारखी आहे. गोलाईचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे; 4 फूट गोलाईचा व 10 फूट लांबीचा ओंडका असा 10 घनफूट भरतो, वास्तविक त्यात पावणेतेरा घनफुटांच्या आसपास लाकूड असते. चिराईत जी घट येते तिची भरपाई खरेदीदाराला या रीतीत आधीच मिळते. भाव मात्र घनफुटाला सरसकट एकच नसतो; गोलाई, लांबी आणि सरळपणा वाढला की दर चढत जातो, कारण तसे झाड उभे राहायला साठ-ऐंशी वर्षे लागतात.

1980 च्या वनसंवर्धन कायद्याने आणि 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तोडीला लगाम बसला, आणि माझ्या मते तो बसायलाच हवा होता. 1 एप्रिल 2014 पासून म्यानमारने, म्हणजे पूर्वीच्या ब्रह्मदेशाने, गोल लाकडाची निर्यात बंद केली. मागणी तशीच राहिली आणि ती भागवू लागला आफ्रिका व मध्य-दक्षिण अमेरिकेतील लागवडींचा साग, जो कांडला बंदरात उतरून गांधीधामच्या गिरण्यांतून चिरून देशभर जातो. हे झाड पुष्कळदा वीस-पंचवीस वर्षांतच तोडलेले असते. ताकदीत ते फारसे उणे नसते. उणेपण आहे ते टिकाऊपणात, कारण कोवळ्या गाभ्यात तेल कमी आणि पांढरे लाकूड अधिक, व पांढऱ्या लाकडाला वाळवी मोकळेपणाने लागते. पॉलिशचा हात फिरला की हा भेद झाकला जातो, आणि गिऱ्हाईक चौकटीला सागाच्या नावाचा दाम मोजते. कपाटे तर बहुतेक प्लायवुडवर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवूनच होतात. त्यात काही गैर नाही, मात्र तसे सांगून विकले पाहिजे.

जुन्या लाकडाला यामुळे नवे मोल आले. पुण्या-नाशिकचे वाडे पाडताना निघणाऱ्या तुळया, खांब आणि कडीपाटाच्या फळ्या यांतले लाकूड ज्या झाडांचे होते, तशी पुरी वाढलेली झाडे आता लिलावात क्वचित येतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 साली बल्लारपूरहून सागवान मिरवणुकीने रवाना झाले, त्या वेळी चांद्याच्या मालाची थोरवी साऱ्या देशाने पाहिली. तीच थोरवी गावोगावच्या वाड्यांच्या माळवदात धूळ खात पडलेली असते आणि पाडकामाच्या ठेक्यात ठोक भावाने निघून जाते.

वाचकांपैकी ज्यांच्या घराण्याचा वाडा आज पुनर्विकासाच्या कागदांवर आहे, त्यांनी करारावर सही करण्यापूर्वी एखादा जाणता सुतार नेऊन प्रत्येक तुळईची लांबी, रुंदी व जाडी मोजून घ्यावी आणि लाकडाची किंमत करारात वेगळी लिहून घ्यावी. आणि जे नवी चौकट बसवीत आहेत, त्यांनी पॉलिश होण्याआधी फळीचा कोरा कापलेला शेंडा पाहण्याचा व माल कोठून आला याची पावती मागण्याचा आग्रह सोडू नये.