दिवाळीनंतरची सायकल

दसरा होतो. भात कापले जाते. पाऊस मागे सरतो आणि मग पडवीत टांगलेली सायकल लोकांना आठवते. चार महिने तिच्यावर कोणी बसलेले नसते. चेन गंजून तांबडी झालेली असते. ट्यूबमधली हवा गेलेली असते. घरातली पोरे ती तशीच खाली काढतात, हवा मारतात आणि सरळ रस्त्याला लागतात. येथेच घात होतो.

आपली रत्नागिरी सपाट मुलूख नव्हे. वर कातळाचा सडा, खाली खाडी, आणि मध्ये घाटी. भाट्याचा पूल ओलांडला की लगेच गोळपच्या सड्याकडे चढायचे. आरे-वारेवरून गणपतीपुळ्याला जायचे तर अंतर सुमारे २५ किलोमीटर, पण त्यात किती वेळा चढावे आणि किती वेळा उतरावे लागते ते पाय सांगतात. अशा मुलखात सायकलीला पहिले काय पाहिजे? ब्रेक. घंटी, कॅरिअर, रंगीत मुठी हे सगळे मागाहून.

ब्रेक पाहणे सोपे आहे. सायकल उभी करा. पुढचा ब्रेक दाबा आणि सायकल पुढे ढकला. चाक फिरता कामा नये. मग मागचा दाबून तसेच करा. ब्रेकचे रबर वाकून पाहा. नव्या रबरावर खाचा असतात. खाचा नाहीशा झाल्या की ते रबर निकामी समजावे. पावसाळाभर पडून राहिलेले रबर कडकही होते. ते रिमवर नुसते घसरते. नवे रबर फार महाग नसते. आमच्या शाळेतला एक मुलगा असल्याच गुळगुळीत रबरावर घाटी उतरला. सायकल थांबेना. शेवटी गटारात पडून थांबली. मनगट मोडले आणि परीक्षेचा पेपर दुसऱ्याच्या हातून लिहून घ्यावा लागला. डोके वाचले हे नशीब.

पुष्कळ लोक फक्त मागचाच ब्रेक दाबतात. पुढचा दाबला तर आपण तोंडावर पडू अशी त्यांना भीती वाटते. भीती अगदी खोटी नाही. पुढचा एकदम करकचून दाबला तर मागचे चाक उचलते. पण सायकल थांबवण्याची जास्त ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते, कारण थांबताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबावेत. बसताना अंग थोडे मागे घ्यावे. लांब उतार असेल तर वेग वाढण्याआधीच आवरावा. वेग एकदा सुटला की तो आवरणे कठीण. वळणावर तर ब्रेक दाबूच नये. वळणाच्या आधी दाबून वेग कमी करावा आणि मग वळावे. थंडीच्या दिवसांत वळणावर मुरूम आणि जांभ्याची भुकटी पसरलेली असते. त्यावरून चाक सरकते.

चेनीचे पाहू. गंजलेली चेन कापडाने पुसावी. घट्ट माती असेल तर रॉकेलमध्ये भिजवलेल्या ब्रशाने घासावी आणि कोरडी करावी. मग प्रत्येक कडीवर मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा आणि वरचे तेल पुसून टाकावे. काही लोक चेनीला भरपूर तेल पाजतात. तेल जास्त झाले की त्यावर तांबडी धूळ बसते आणि तिचे जणू उटणेच तयार होते. त्याने चेन आणि दाते दोन्ही झिजतात. ब्रेकच्या रबरावर आणि रिमवर तेलाचा थेंबही पडू देऊ नये. वर्षातून एकदा सायकलवाल्याकडून चाकातले छर्रे काढून ग्रीस भरून घ्यावे. त्याला आपले लोक ओव्हरऑइलिंग म्हणतात. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे चुकवू नये. खाऱ्या हवेत लोखंड लवकर खाल्ले जाते. पोरांनी किनाऱ्याच्या ओल्या वाळूवरून सायकल फिरवली तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायला लावावी.

हवा किती भरावी? अंगठ्याने टायर दाबून पाहण्याची रीत आहे, ती कामचलाऊ आहे. पण आता तुम्ही वाचायला शिकला आहात. टायरच्या कडेला अक्षरे आणि आकडे उठवलेले असतात. ते वाचा. टायरचे माप तेथे असते आणि पुष्कळ टायरांवर हवा किती भरावी तेही लिहिलेले असते. आकडे इंग्रजी असतात. ते शिकायला एक संध्याकाळ पुरे. मग दुकानदार दुसऱ्याच मापाची ट्यूब देऊ लागला तर तुम्ही त्याला थांबवू शकाल.

आता थंडी. आपल्याकडची थंडी ती काय! देशावरच्या माणसाला विचाराल तर तो हसेल. तरी पहाटे वाऱ्यात सायकल चालवताना कान आणि बोटे गारठतात. बोटे गारठली की ब्रेक पुरता दाबला जात नाही. म्हणून पहाटे निघणाऱ्याने कानटोपी घालावी, हातात मोजे घालावेत. मफलर गळ्याला बांधायचा तर त्याची टोके सदऱ्यात खोचावीत. लोंबता मफलर, धोतराचा सोगा, पदर, ओढणी ही सर्व चाकात जायला टपलेली असतात. पँटीचा पायघोळ चेनीत अडकतो, तर त्याला क्लिप किंवा साधे रबर लावावे.

थंडीपेक्षा मोठी अडचण अंधाराची. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. सकाळी सात वाजेपर्यंत नीट उजाडत नाही. नदीच्या काठाने आणि खोलगट भागात धुके असते. पूर्वी बिनदिव्याच्या सायकलवाल्याला पोलीस पकडत, म्हणून लोक दिवा लावीत. आता पकडत नाहीत म्हणून लावीत नाहीत. पण दिवा पोलिसासाठी कधीच नव्हता. महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसला पाहिजेत. डायनामोचा दिवा चाक फिरेल तोवरच जळतो. चढावर तो मिणमिणतो आणि थांबलात की विझतो. आता बॅटरीचे लहान दिवे मिळतात, ते बरे. पुढे पांढरा, मागे लाल. मागच्या मडगार्डावर लाल रिफ्लेक्टर असावा. त्याला बॅटरी लागत नाही. गाडीचा उजेड पडला की तो चमकतो. अंगातला सदरा पांढरा असेल तर आणखी चांगले. काळी घोंगडी पांघरून रात्री सायकलवर निघालेला माणूस ड्रायव्हरला दिसतच नाही.

डोक्यावर हेल्मेट घालावे काय? सायकलला कायद्याची सक्ती नाही. आमचे मत विचाराल तर उतार असलेल्या प्रत्येक रस्त्यावर घालावे. त्याच्या आत जाड फेस असतो. आपटल्यावर तो चेपतो आणि डोक्याला बसणारा मार स्वतः खातो. हनुवटीखालचा पट्टा मात्र बांधलेला पाहिजे. नाही तर हेल्मेट एकीकडे आणि डोके दुसरीकडे.

रत्नागिरीच्या सायकलवाल्याला निसर्गाने एक देणगी दिली आहे. रात्री जमीन लवकर थंड होते आणि समुद्र उबदार राहतो. त्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्याला मतलई वारा म्हणतात. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्राकडून आत येतो. तो खारा वारा. आता पाहा. हातखंब्याकडचा माणूस सकाळी लवकर शहराकडे निघाला तर मतलई वारा त्याच्या पाठीला असतो. दुपारनंतर परत फिरला तर खारा वारा पाठीला असतो. म्हणजे दोन्ही वेळा वारा ढकलायला तयार! शहरातून सकाळी आत जाणाऱ्याला मात्र उलटे सोसावे लागते. मतलई वारा मंद असतो, त्यामुळे तक्रार फार नाही. दुपारच्या खाऱ्या वाऱ्याचा जोर खरा.

नवी सायकल घ्यायची तर कोणती घ्यावी, असे लोक विचारतात. जुनी काळी सायकल मजबूत. तिच्यावर भाताचे पोते चालते, दुधाच्या किटल्या चालतात. तिचे सामान कोठेही मिळते आणि दुरुस्ती कोणालाही येते. पण ती जड असते आणि चढावर दम काढते. याचे कारण तिच्या दात्यांत आहे. समजा पुढच्या चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्याला १८. पेडलची एक फेरी केली की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे छान. चढावर एका फेरीत एवढे अंतर ओढायला पायात फार जोर पाहिजे. गिअरच्या सायकलीत चेन लहानमोठ्या चक्रांवर बदलता येते. पुढे २८ दाते आणि मागेही २८ असे केले तर एका फेरीत सायकल दोनच मीटर सरकते. पाय जास्त वेळा फिरवावे लागतात, पण प्रत्येक वेळी जोर थोडा लागतो. डोंगरावर सरळ चढणारी पाखाडी आणि नागमोडी वाट यांत जो फरक आहे, तोच हा फरक. गिअर चढ लागण्याच्या आधी बदलावा. पायात जोर देऊन उभे राहिल्यावर बदलाल तर चेन कडकड करील आणि उतरेल. गिअरच्या सायकलीला निगा जास्त लागते हेही ध्यानात घ्यावे.

आता बॅटरीची सायकलही आली आहे. पेडल मारताना लहान मोटर मदत करते. मोटर पाव किलोवॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर तिला नोंदणी किंवा लायसन लागत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना आणि रोज घाटी चढणाऱ्यांना ती उपयोगी. किंमत मात्र साध्या सायकलीच्या कितीतरी पट. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च आधी विचारून घ्यावा.

सायकल कोणतीही असो, सीटची उंची बरोबर पाहिजे. सीटवर बसा, पेडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. म्हणजे चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट खाली ठेवून चालवणाऱ्यांचे गुडघे लवकर बोलू लागतात.

बायकांनी सायकल शिकावी की नाही, असा वाद कोठे कोठे अजून चालतो. तमिळनाडूत पुदुकोट्टै नावाचा जिल्हा आहे. तेथे १९९१ साली साक्षरतेची मोठी मोहीम झाली. शीला राणी चुंकत या तेव्हा तेथे कलेक्टर होत्या. अक्षरांबरोबर बायकांना सायकलही शिकवावी असे ठरले. हजारो बायका शिकल्या. शेतमजूर, खडी फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या बाया, गावच्या नर्स. सायकल घ्यायला बँकांकडून कर्ज मिळावे म्हणून खटपट झाली. बायकांच्या सायकली पुरेनात, तेव्हा काहींनी पुरुषांची सायकल घेतली. तिच्या दांडीवर पोर बसवता येते, ही त्यांना सोयच वाटली! ज्यांना बसची वाट पाहत तास घालवावे लागत, त्या माल घेऊन दोनचार गावे फिरून घरी येऊन चूलही पेटवू लागल्या. आपल्या वाडीत एस. टी. दिवसातून किती वेळा येते ते तुम्हीच मोजा. आणि मुलीची शाळा घाटीच्या पलीकडे आहे म्हणून तिचे शिक्षण थांबवण्याआधी सायकलीचा विचार करा. महाराष्ट्रात निवडक तालुक्यांत ८वी ते १२वीच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकलीसाठी मदत मिळते. आपला तालुका त्यात आहे का, हे शाळेत जाऊन विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

सायकलीवर धंदा करणारे, म्हणजे पाववाले आणि मासळीवाले, यांना एक सांगणे आहे. ओझे जितके खाली तितके चांगले. कॅरिअरवर उंच रचलेली टोपली वळणावर सायकल आडवी करते. मागे भार फार झाला तर पुढचे चाक हलके होऊन हँडल डुगडुगते. आणि भरल्या सायकलीला थांबायला रिकामीपेक्षा जास्त अंतर लागते. तीव्र उतारावर उतरून चालत जावे. त्यात कमीपणा कसला?

मार्चपासून ऊन तापते. तेव्हा काम सकाळी लवकर उरकावे. पाण्याची बाटली सायकलीलाच अडकवावी. घाम फार आला तर नुसते पाणी पुरत नाही. मीठ-साखरेचे पाणी किंवा आमसुलाचे सरबत घ्यावे. टम्म हवा भरलेली सायकल दिवसभर उन्हात ठेवू नये. हवा तापून फुगते आणि ट्यूबवरचे जुने ठिगळ सुटते.

जूनमध्ये पाऊस आला की सगळा हिशेब बदलतो. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक फार उशिरा धरतो. म्हणून उतार यायच्या आधीच ब्रेक हलके दाबून रिमवरचे पाणी पुसून काढावे, आणि मग खरा ब्रेक दाबावा. पुढच्या वाहनापासून दुप्पट अंतर ठेवावे. शेवाळलेला कातळ, लोखंडी झाकणे, रस्त्यावरचे पांढरे पट्टे यांवर वळू नये. एका हातात छत्री आणि एका हातात हँडल धरून जाणारे लोक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. छत्रीत वारा भरला की सायकल वाऱ्याच्या मागे जाते. अंगाला बसणारा रेनकोट घ्यावा. लांब घोळाचा घेतला तर तो चाकात जातो. मोरीवरून पाणी वाहत असेल तर सायकल घेऊन उतरूच नये. पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे वरून दिसत नाही.

ज्यांना पावसात सायकल चालवायची नाही त्यांनी ती धुऊन, कोरडी करून, तेल लावून पडवीत टांगावी. पागोळ्यांचे पाणी तिच्यावर येता कामा नये. पंधरा दिवसांनी एकदा पेडल हाताने फिरवावे आणि चेनीला दोन थेंब तेल द्यावे.