खोक्यावरचे वॅट आणि आतली तार

कारच्या स्टिरिओच्या खोक्यावर '५० वॅट × ४' असं ठळक छापलेलं असतं आणि गिऱ्हाईक मनातल्या मनात दोनशे वॅटचा हिशेब करून खूश होतं. हा पन्नासचा आकडा येतो कुठून, हे शाळेतल्या भौतिकशास्त्रावरूनही काढता येतं. इंजिन चालू असताना गाडीच्या तारांमध्ये साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. गाडीतले स्पीकर बहुतेक ४ ओहमचे. १४.४ चा वर्ग करून त्याला ४ ने भागलं की उत्तर येतं जवळपास ५२. म्हणजे स्टिरिओ शेवटच्या टोकापर्यंत पिळला, आवाज पार फाटला, की त्या अवस्थेत निघणारी ही शक्ती. न फाटलेल्या, स्वच्छ आवाजाची मर्यादा याच्या निम्मी, म्हणजे २६ वॅटच्या आत. प्रत्यक्षात पदरात पडतात पंधरा ते बावीस. खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत 'आरएमएस' लिहिलेलं असतं तो आकडा खरा. तो आकडाच छापलेला नसेल, तर त्या खोक्याबद्दल आणखी काही विचारायची गरज उरत नाही.

म्हैसूरमध्ये या प्रश्नाला अलीकडे धार आली आहे. बेंगळुरू-म्हैसूर द्रुतगती महामार्गाचं १२ मार्च २०२३ रोजी उद्घाटन झालं. सुमारे ११८ किलोमीटरचा हा रस्ता, मुख्य मार्गिकांवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा. त्याच वर्षीच्या १ ऑगस्टपासून दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर तिथून हटवले गेले. याच रस्त्यानं बेंगळुरूत पोचलं की गाठता येतो जे. सी. रोड, मोटारींच्या सुट्या भागांची आणि सजावटीच्या सामानाची जुनी बाजारपेठ. म्हैसूरकर सकाळी निघतो, दुपारपर्यंत गाडीला नवा आवाज बसवून घेतो, दुकानाच्या दारात इंजिन बंद ठेवून गाणं ऐकतो आणि 'बेस काय दणकट आहे' म्हणत पैसे मोजतो. परतीच्या वाटेवर काटा शंभराजवळ गेला की तोच बेस कुठे गेला ते कळत नाही.

तो कुठे जात नाही, बुडतो. टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा गोंगाट मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो. ढोलकी, तबल्याचा बायाँ, बास गिटार यांचे सूर त्याच पट्टीत येतात. गायकाचा आवाज मात्र वर तरंगत राहतो. मग माणूस आवाज वाढवतो, स्टिरिओ फाटू लागतो आणि कान दुखतात. याला उपाय आणखी वॅटचा नाही. दाराच्या पत्र्याला आतून ब्युटाइलचे पट्टे चिकटवणं, ज्याला दुकानात 'डॅम्पिंग' म्हणतात, आणि पत्र्यातली मोकळी भोकं बंद करणं हा पहिला खर्च. दार थरथरायचं थांबलं की कंपनीचे मूळ स्पीकरही बरे वाजू लागतात. दुसरा खर्च पुढच्या दोन दारांतल्या स्पीकरांवर. तिसरा, हवाच असेल तर, सीटखाली बसणारा छोटा सबवूफर. मागच्या दारांतल्या स्पीकरांवर पैसे घालणं म्हणजे बहुतेक घरांत मागे झोपलेल्या पोरांना उठवण्याची सोय.

स्पीकर घेताना वॅटपेक्षा 'सेन्सिटिव्हिटी' पाहावी. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, त्याचा हा आकडा. ८९ आणि ९२ यांत फरक दिसतो किरकोळ, पण तीन डेसिबल म्हणजे निम्मी वीज. स्टिरिओकडे मुळात वीसच वॅट असतील, तर ९२ चा स्पीकर हा फुकटात मिळालेला ऍम्प्लिफायरच.

खरा ऍम्प लावायचा ठरलं, की गोष्ट आवाजाची राहत नाही, विजेची होते. पाचशे वॅट आरएमएसचा ऐंशी टक्के कार्यक्षम ऍम्प पूर्ण भाराला जवळजवळ ४५ अँपिअर ओढतो. तेवढा प्रवाह बॅटरीपासून डिकीपर्यंत एका तारेतून जायचा आहे आणि बाजारातल्या स्वस्त किटमध्ये ती तार तांब्याची नसते. आत ऍल्युमिनियम, वरून तांब्याचा पातळ मुलामा; खोक्यावर 'सीसीए' अशी तीन अक्षरं. तितक्याच जाडीच्या तांब्यापेक्षा हिचा रोध सुमारे दीडपट. तार तापते, जोड सैल होतात, आणि दोष मात्र ऍम्पच्या माथी जातो. पारख सोपी आहे: ब्लेडने एक धागा खरवडावा. वर लाल आणि आत पांढरा निघाला तर ऍल्युमिनियम. बोटीसाठी विकली जाणारी चांगली तार नेमकी याच्या उलट असते: वर कथलाचा पांढरा लेप आणि आत लालबुंद तांबं. नुसत्या रंगावर जाणारं गिऱ्हाईक त्यामुळे दोन्हीकडे फसू शकतं. याखेरीज मुख्य फ्यूज बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत हवा. तो ऍम्पपाशी लावला, तर मधल्या चार मीटर तारेचं इन्सुलेशन पत्र्यावर घासून फाटलं की ती आग थांबवायला कोणी नाही.

फिटिंगवाल्याला विचारायचा सगळ्यात उपयोगी प्रश्न एकच: 'कपलर टू कपलर बसतंय ना?' म्हणजे गाडीची मूळ तार न कापता, तिच्याच खाच्यात बसणाऱ्या जोडानं काम होतंय का. बहुतेक लोकप्रिय मॉडेलांसाठी असे जोड मिळतात आणि स्टिरिओच्या किमतीपुढे त्यांची किंमत नगण्य असते. तार कापून काळी टेप गुंडाळली, की वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटरला बोट दाखवायला जागा मिळते. विम्याचंही तसंच. नंतर बसवलेलं विजेचं सामान विमा कंपनीला कळवलं नाही, तर चोरीत किंवा अपघातात त्याची भरपाई मिळत नाही. पॉलिसीत त्यासाठी 'आयएमटी २४' नावाचं कलम आहे. जुन्या दरपत्रकाप्रमाणे त्याचा हप्ता सामानाच्या किमतीच्या ४ टक्के. चाळीस हजारांच्या सामानाला सोळाशे रुपये. एवढं वाचवणारे लोक पुष्कळ आहेत.

आता डॅशकॅम. हौसेचा होता, तो हळूहळू गरजेचा होत चालला आहे. विकत घेताना लोक कॅमेरा किती 'के'चा हे विचारतात. त्याआधी आत लिथियम बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर, हे विचारावं. उन्हात बंद उभ्या गाडीच्या काचेजवळ लिथियम फुगते, सुपरकपॅसिटर तग धरतो. मेमरी कार्डही सतत लिहून-पुसून झिजतं, म्हणून 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलंच घ्यावं. गाडी उभी असतानाही चित्रण हवं असेल, तर बॅटरीचा व्होल्टेज उतरल्यावर आपोआप बंद होणारी वायरिंग लागते. नाहीतर चार दिवस गावाला जाऊन आलेल्या मालकाला धक्का मारायला शेजारी बोलवावे लागतात. आणि तार काचेलगतच्या खांबातून नेताना ती पडदा-एअरबॅगच्या मागून गेली पाहिजे. पुढून गेली, तर एअरबॅग फुटण्याच्या वेळी तीच आडवी येते.

स्वस्त डॅशकॅमचा एक त्रास म्हैसूरमध्ये चटकन ओळखू येतो. या शहराचं रेडिओशी नातं जुनं: महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या घरातून प्रसारण सुरू केलं आणि त्या केंद्राला 'आकाशवाणी' नाव दिलं. सरकारी रेडिओनं ते नाव पुढे वीसेक वर्षांनी घेतलं. आज आकाशवाणी म्हैसूर १००.६ मेगाहर्ट्झवर लागतं. डॅशकॅमचा प्लग खोचला आणि १००.६ वर खरखर सुरू झाली, तर दोष केंद्राचा नाही. बारा व्होल्टचे पाच करणारा प्लगमधला सर्किटचा तुकडा विजेची फार वेगानं उघडझाप करतो आणि त्याचा कचरा अँटेनात शिरतो. चांगल्या चार्जरमध्ये तो गाळण्याची सोय असते. दीडशे रुपयांच्या चार्जरमध्ये तीच गाळलेली असते.

काही वस्तू मात्र निवडायच्याच नाहीत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर सीटबेल्टचा इशारा गप्प करणाऱ्या धातूच्या क्लिपांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये पाच ऑनलाइन बाजारपेठांना त्या हटवायला लावल्या. १३,११८ जाहिराती उतरल्या. डोळे दिपवणाऱ्या वाढीव एलईडी दिव्यांविरुद्ध कर्नाटक पोलिसांनी २०२४ च्या जुलैमध्ये मोहीम काढली. परावर्तकाच्या हेडलाइटमध्ये भलताच बल्ब कोंबला, की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त पडतो. गाडीत बेकायदा बदल केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ प्रमाणे दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दुकानदार हे सांगत नाही. त्यानं सांगावं अशी अपेक्षाही भोळीच.

म्हैसूरहून तास-दोन तासांत पाणीही गाठता येतं. श्रीरंगपट्टणजवळच्या रंगनतिट्टूला वल्ह्यांच्या होड्या मगरी आणि बगळ्यांच्या मधून फिरतात. नागरहोळे आणि बंडीपूर यांच्यामधल्या कबिनीच्या फुगवट्यावर इंजिनाच्या बोटीतून हत्ती पाहता येतात. इथे स्पीकरला कामच नाही. वनखात्यानं तो न आणू देणं हेच योग्य. पण खासगी बोट, जलक्रीडेची नौका किंवा कोकणातला ट्रॉलर यांचा मालक जेव्हा 'मरीन' लिहिलेला स्पीकर उचलतो, तेव्हा त्यानं गाडीचे सगळे ठोकताळे बाजूला ठेवायला हवेत.

'आयपीएक्स ७' म्हणजे वस्तू एक मीटर पाण्यात अर्धा तास तगली. ते पाणी गोडं, स्वच्छ आणि प्रयोगशाळेतलं. खारं वारं आणि वर्षभराचं ऊन या चाचणीत नसतं. कबिनी किंवा कृष्णराजसागरच्या गोड्या पाण्यावर आयपीएक्स ७ पुरे होईल. मालवणात, तारकर्लीत नाही. तिथे मीठ-धुक्याची चाचणी, जिचा 'एएसटीएम बी ११७' हा क्रमांक माहितीपत्रकात असतो, आणि अतिनील किरणांची चाचणी दोन्ही पाहाव्यात. कागदी कोन नको, पॉलिप्रॉपिलीनचा हवा. जाळी आणि स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टीलचे. बॅटऱ्या दोन: एक फक्त इंजिन चालू करायला, दुसरी बाकी सगळ्याला. सहा तास गाणी ऐकून इंजिन सुरू होईना, तर समुद्रात धक्का मारायला कोणी नसतं. स्पीकरचं चुंबक होकायंत्रापासून लांब ठेवावं, नाहीतर तांडेलची दिशा चुकेल.

बोटीवर पैसे घालण्याचा क्रमही वेगळा. आधी वायरलेस, म्हणजे व्हीएचएफ संच. त्याचा १६ नंबरचा चॅनेल, १५६.८ मेगाहर्ट्झ, संकटात हाक मारण्यासाठी जगभर राखलेला आहे. मग फिशफाइंडर: ५० किलोहर्ट्झचा आवाज खोल जातो पण चित्र ढोबळ देतो, २०० किलोहर्ट्झचा उथळ पाण्यात बारकावे दाखवतो. मच्छीमारांसाठी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमधूनच पंतप्रधानांनी एक देशव्यापी योजना सुरू केली. तिच्यात इस्रोनं तयार केलेले, उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश देणारे ट्रान्सपॉन्डर सुमारे एक लाख नौकांवर बसवायचे आहेत. ज्या नौकेवर हा संच बसतो, तिच्या बाकी विजेच्या सामानानं त्याच्या आड येऊ नये, हे मालकाचं काम.

आड येणारा बहुतेक वेळा एलईडी दिवाच असतो. २०१८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलानं इशारा काढला होता की, काही एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफवर येणारे संदेश ऐकूच येत नाहीत. डॅशकॅमच्या चार्जरचा कचरा जसा एफएममध्ये शिरतो, तसाच या दिव्यांचा व्हीएचएफमध्ये शिरतो. दलानं सांगितलेली चाचणी बंदरात उभं राहून कुणालाही करता येते. सगळे एलईडी बंद करायचे, वायरलेस एखाद्या शांत चॅनेलवर लावायचा आणि स्क्वेल्चचं बटण खरखर ऐकू येईपर्यंत फिरवून मग ती जेमतेम थांबेल इतकंच मागे आणायचं. आता दिवे एकेक करून लावायचे. ज्या दिव्याबरोबर खरखर परत येते, तो दिवा बदलायचा किंवा अँटेनापासून दूर हलवायचा, आणि मगच स्पीकरचं खोकं उघडायचं.