प्रबंधातली स्वरलिपी: फॉन्ट एम्बेड केलाय ना?

मुरबाड-शहापूरच्या ठाकर, कातकरी वाड्यांवरची लग्नगीतं रेकॉर्ड करून त्यांवर संशोधन करायचं तुमच्या डोक्यात आहे? मग शब्दांसोबत चालही कागदावर उतरवावी लागेल. शब्द टाइप करणं सोपं असतं, पंचाईत होते ती स्वरलिपीची.

भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब आणि तार सप्तकाला वर टिंब देतात. चिन्हं मोजकीच, पण एकही शोभेसाठी नाही. भैरवातल्या रे॒ आणि ध॒ खालच्या रेघा गेल्या की सगळे स्वर शुद्ध होतात, म्हणजे थेट बिलावल थाट! आणि पान इतकं नीट दिसतं की वाचणाऱ्याला शंकाही येत नाही.

रेघा जातात कुठे? वर्डमध्ये अंडरलाइन करून दिलेली रेघ हे नुसतं फॉरमॅटिंग असतं. साधा मजकूर म्हणून कॉपी-पेस्ट केलंत की ती उडाली. त्याऐवजी युनिकोडमधली वैदिक स्वरचिन्हं वापरा: कोमलसाठी ०९५२ (आडवी रेघ), तीव्रसाठी ०९५१ (उभी रेघ). ही अक्षरासोबतच राहतात.

दुसरा धोका फॉन्टचा. पीडीएफमध्ये साधारणपणे कुठला फॉन्ट, त्यातली कितवी आकृती आणि ती पानावर कुठे, एवढी नोंद असते. फॉन्ट फाइलमध्येच भरलेला, म्हणजे एम्बेड केलेला असेल, तर पान सगळीकडे सारखं दिसतं. नसेल तर समोरचा कॉम्प्युटर त्याच्याकडचा फॉन्ट लावतो. मग रेघ सरकते, नाहीतर अक्षराऐवजी चौकोन येतो.

पाश्चात्त्य नोटेशनला हा धोका जास्तच. ब्राव्हुरासारख्या फॉन्टांमधली चिन्हं युनिकोडच्या 'खासगी' क्षेत्रात असतात. तो फॉन्ट नसेल तर दुसऱ्याला ती ओळखताच येत नाहीत. लिलीपाँडमध्ये नोटेशन केलंत तर स्क्रीनशॉट न घेता पीडीएफ घ्या आणि लाटेक्समध्ये तीच जोडा. कितीही झूम केलं तरी रेघा फाटत नाहीत.

प्रबंध जमा करण्याआधी एवढं कराच:

१. पीडीएफ रीडरमध्ये प्रॉपर्टीज उघडून फॉन्ट्सची यादी बघा. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' हवं.
२. वर्डची फाइल पाठवायची असेल तर ऑप्शन्समधल्या 'सेव्ह' विभागात फॉन्ट एम्बेड करायची खूण करा.
३. दुसऱ्याच कॉम्प्युटरवरून, झेरॉक्सच्या दुकानातून का होईना, एक पान छापून घ्या आणि रेकॉर्डिंग ऐकत त्यावरचा स्वर न् स्वर ताडून बघा.

गाणाऱ्या आजी उद्या नसतील. मग त्यांची चाल शोधणाऱ्याच्या हाती तुमचं हेच पान येणार आहे.